बापूसाहेबांनी पास केलेला हेडफोन

हेडफोन माझ्या कानांवर आला तेव्हा तो गरम होता. नुसता गरम असता तर मी काही बोललो नसतो. मे महिन्यात अकोल्यात सगळंच गरम असतं. पण तो ओलाही होता. डावी गादी कानाला टेकली आणि टेकल्या जागी चिकटली. उजव्या गादीतून आधी हिन्याच्या अत्तराचा वास आला, त्याच्यामागून थंड तेलाचा, आणि दोघांच्या मागून, ओळखीची वाट काढत, घामाचा.

"काय ऐकू येतंय?" डबीर वकिलांनी विचारलं.

"तुमचं डोकं," मी म्हटलं.

आमच्यात क्रम वयाचा होता. पहिल्यांदा बापूसाहेब राहाटगावकर, मग डबीर, मग मी. बापूसाहेब उजव्या कानाच्या वळीत हिन्याचा फाया ठेवत, कापसाचा एवढासा बोळा, आणि हेडफोन लावतानाही तो काढत नसत. डबीर दिवसातून तीनदा डोक्याला हिरवं थंड तेल चोपडत. वकिली केल्यानं डोकं तापतं म्हणत. वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण डोक्याला ते कुणी कळवलं नव्हतं. त्यामुळे कुठलाही हेडफोन माझ्यापर्यंत पोचेतो तो वस्तू राहिलेला नसे, वारसा झालेला असे.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर इंदूताई धाबेकरांचा फ्लॅट होता. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा म्हातारे जमून शास्त्रीय गाणं ऐकायचो. बैठक सुरू केली इंदूताईंच्या यजमानांनी. ते गेले ते मागे दोन कपाटं भरून रेकॉर्डी, कॅसेटी, सीड्या आणि दोन नियम ठेवून. पहिला नियम, दाद मोठ्यानं द्यायची. मनातल्या मनात वाहवा करणारा माणूस चोर. दुसरा, बैठकीचा कुठलाही निर्णय एकमतानं व्हायचा. पहिल्या नियमानं आमच्यावर संकट आणलं आणि दुसऱ्यानं ते लांबवलं.

खालच्या मजल्यावरच्या चांडकांची मुलगी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. चांडक वर आले, हात जोडले, चहा घेतला आणि म्हणाले की तुमचं गाणं आम्ही सहन करू, पण मधूनच सगळे मिळून ओरडता ते पोरीच्या पाठांतरात शिरतं. मग सोसायटीचा निरोप आला: सगळ्यांनी हेडफोन लावून ऐका, नाहीतर बैठक बंद. रविवारी सोसायटीची सभा होती. त्याच्या आत काय ते ठरवायचं होतं. इंदूताईंनी त्याच दिवशी स्पीकरच्या तारा काढून ठेवल्या.

डबिरांनी समिती नेमली. एक डबा करून घ्यायचा, त्याला बारा पिना लागतील असा, आणि बारा हेडफोन, कान पूर्ण झाकणारे, स्वस्तातले. कुठले घ्यायचे ते तिघांनी पारखून ठरवायचं. बापूसाहेब समितीत होते कारण त्यांच्याएवढं गाणं अकोल्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. डबीर होते कारण समिती त्यांची होती. मी होतो कारण मी वीज मंडळातून निवृत्त झालो होतो, आणि वायर म्हटलं की लोकांना मी आठवतो.

मला गाण्यातलं काही कळत नाही. हे मी बैठकीत कधी कळू दिलं नव्हतं. मी पहिल्यांदा गेलो तो इंदूताईंच्या हातच्या आलूबोंड्यांसाठी, आणि मग जात राहिलो. युक्ती सोपी होती. बापूसाहेब नेहमी स्पीकरकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसायचे. लोक म्हणत, बघा, ऐकणारा असा असतो, याला आवाजाकडे बघावं लागत नाही. मी त्यांच्या अगदी समोर बसत असे. तालाचा फेरा पुरा होऊन गाणं समेवर येतं तिथे त्यांचा हात मांडीवर पडायचा. तो उचलला जाताना दिसला की मी माझा उचलायचा, आणि दोघांचे बरोबर पडायचे. डबिरांनी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं होतं की समेची जाण असावी तर बापूसाहेब आणि मोहरील यांच्यासारखी.

गांधी रोडवरच्या एका दुकानदारानं पारखायला नमुने दिले. अट एकच घातली, वस्तू जशी नेली तशी परत करायची. भला माणूस होता. पुढे तो रस्त्यात दिसला की आम्ही गल्ली बदलायचो.

पहिल्या दिवशी कूलर बंद करून बसलो, कारण कूलरच्या घरघरीत आवाजाची पारख होईना. सगळ्या नमुन्यांना एकच सीडी लावायची असं ठरलं: बागेश्री, विलंबित एकताल, धाबेकरांची आवडती. बापूसाहेबांनी पहिला नमुना हातात घेतला. त्यांचा उभा जन्म जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलेला. हाताला येईल ती मऊ वस्तू ते अंगठा आणि तर्जनीत धरून ओढून बघत, मग ती हेडफोनची गादी असो की इंदूताईंचा ढोकळा. गादी दाबली, ओढली, नाकाला लावली. मग कानावर चढवला. डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात काढला.

"शिळी इडली कानाला बांधून कधी बसलात का, मोहरील? बसा आता."

"आवाज कसा आहे?" डबिरांनी पेन सरसावलं.

"बुवा पिंपात कोंडलेत. आणि ते पिंप कुणीतरी जिन्यावरून सोडलंय."

मग तो डबिरांना आणि मग मला. मी वर सांगितलं तो हाच. बुवा मला पिंपात वगैरे वाटले नाहीत. थोडे पडशानं बेजार वाटले, एवढंच. पण माझं लक्ष गाण्याकडे नव्हतंच. दुसऱ्या माणसाच्या कानाची ऊब आपल्या कानात शिरते तेव्हा माणूस गाण्याकडे लक्ष देऊ शकत नाही. डबिरांच्या कानात केस होते. मला ते यापूर्वीही दिसले होते, पण तेव्हा आमची गाठ पडलेली नव्हती.

दुसरा नमुना इतका घट्ट की डबिरांनी तो काढला तेव्हा कानांच्या पाळ्या जांभळ्या झाल्या होत्या आणि त्यांना काही वेळ स वर्णानं सुरू होणारे शब्द बोलता येईनात. बापूसाहेबांनी तोही नापास केला: तानपुरा म्हणून चिलटं सोडलीत. तिसरा इतका सैल की मी खाली वाकलो आणि तो चिवड्याच्या ताटलीत पडला. तिथून उचलून तो पुन्हा माझ्याच डोक्यावर ठेवण्यात आला. कानात शेव असताना संगीताबद्दल मत देणं मला जमलं नाही.

आणि मग तो काळा.

त्याला नव्या टायरचा वास होता. टायरच्या दुकानात तोच वास बरा वाटतो, पण टायर कुणी कानाला लावत नाही. इंदूताईंनी आमची दशा बघून मध्येच स्पिरिटचा बोळा आणला आणि गाद्या पुसल्या. त्याबरोबर गाद्यांवरचं नकली कातडं सोलून निघालं. उन्हानं पोळलेल्या पाठीची साल निघते तसं, काळं, पातळ, ओलं. पुसायचं म्हणावं तर आणखी निघे. डबिरांच्या कल्ल्यांवर त्याचे तुकडे चिकटले आणि तेलामुळे तिथेच मुरले. माझ्या डाव्या कानात एक तुकडा गेला, तो हलताना मला ऐकू यायचा. मी घरी जाऊन दोनदा अंघोळ केली. जेवताना बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, गाणं ऐकून आलो.

बापूसाहेबांनी तो काळा सगळ्यात कमी वेळ लावला. मेलेला उंदीर शेपटीला धरून नेतात तसा दोन बोटांत धरून लांब केला.

"कढई वाळूनं घासतात, तो आवाज," ते म्हणाले. "हा घरात ठेवू नका, इंदूताई. चांडकांना द्या."

डबिरांनी शून्य मार्क लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. या एकाबाबत तिघांचं एकमत होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी नमुने आले, तिसऱ्या दिवशी आणखी. निळे, राखाडी, एकाच्या कानावर लाल दिवा लागायचा. अत्तर, तेल आणि घाम एवढे मुरले की डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगता आलं असतं, कुठला कुणी किती वेळ लावला. डबीर आणि मी एव्हाना काहीही पास करायला तयार होतो. पण बापूसाहेबांचं एकेकाला नापास करणं चालूच. कुठे बुवा नळात गुळण्या करतायत, कुठे पत्र्यावर माकडं नाचतायत. पहिल्या दिवशी त्यांच्या शिव्यांना आम्ही हसलो होतो. तिसऱ्या दिवशी हसू येईना, कारण ते स्वतःही हसत नव्हते. एकेक हेडफोन ते घाईनं, जवळजवळ आशेनं कानावर चढवत, आणि काढत तेव्हा तोंड असं होई की मला वाटे, हे आता थुंकणार.

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा इंदूताई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "मोहरीलभाऊजी, बापूसाहेबांना माझी बैठक बंद करायची आहे का?"

मी म्हटलं, छे.

"मग रविवारच्या आत एक तरी पास करतील ना? हे गेल्यानंतर पहिल्या गुरुवारी कुणी येणार नाही असं धरून मी दिवासुद्धा लावला नव्हता. बापूसाहेब आपणहून आले. म्हणाले, लावा काहीतरी. तुम्ही सगळे नंतर आलात." त्यांनी गॅस बारीक केला. "गुरुवार सोडला तर या घराची बेल फक्त दूधवाला वाजवतो हो."

त्या दिवशी मी बापूसाहेबांना पोचवायला निघालो. वाटेत विषय काढला. म्हटलं, आवाज जरा वाईट असला तर असू द्या, एखाद्याला हो म्हणा, रविवारी बैठक जाईल.

"किडका कापूस मी जन्मात पास केला नाही, मोहरील."

मी म्हटलं, हा कापूस नाही.

"नाही ना? मला वाटलंच," ते म्हणाले. थोडं चालून थांबले. बोलताना ते नेहमी थांबत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत. मला ती जुन्या माणसांची रीत वाटे. "हेडफोन आले म्हणजे तुम्ही सगळे आपापल्या कानात. जो तो डोळे मिटून, जो तो भिंतीकडं बघत. कोण कुणाकडं बघणार आहे?"

"बघायचं कशाला? ऐकायचंच आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग यंदा आंबा अजून उतरला नाही, असं काहीतरी म्हणाले.

शनिवारी डबिरांनी सगळ्या बैठकीलाच बोलावलं. फोनवर मला म्हणाले की आज निकाल लागणार, तुम्ही फक्त गप्प बसायचं. त्यांचा आवाज फार प्रसन्न होता. उलटतपासणीत साक्षीदाराला कोपऱ्यात घेतल्यावर वकिलांचा होतो तसा.

हॉल भरला होता. कूलर बंद. बारा म्हाताऱ्यांच्या घामाचा एक सामुदायिक वास पंख्याखाली गोल फिरत होता. डबिरांनी सोफ्यामागे जाऊन सीडी लावल्यासारखं केलं आणि एक हेडफोन पुढे आणला. तो काळा. सोललेला. मला बघूनच कानात काहीतरी हललं.

"काहून, हा तर नापास झाला होता ना?" कुणीतरी विचारलं.

"फेरतपासणी," डबीर म्हणाले. "बापूसाहेब, आज घाई नको. सावकाश ऐका."

बापूसाहेबांनी तो घेतला. गादी दाबून बघितली नाही, वास घेतला नाही, सरळ कानावर चढवला. आता काढतील, मग काढतील, असं करत आम्ही बघत राहिलो. ते काढेनात. त्यांचे डोळे मिटलेले होते. कपाळावरची आठी, जी मी तीन दिवस बघत होतो, ती हळूहळू गेली. मग उजव्या हाताची बोटं मांडीवर हलू लागली. एकेक मात्रा, संथ. मान किंचित डावीकडे झाली. हात वर उचलला गेला, थांबला आणि समेवर पडला. समोर सवयीनं माझाही पडला.

बाहेर कुणी स्कूटर सुरू करू बघत होतं. बापूसाहेब ऐकत होते. दुसरा फेरा झाला, तिसरा. एकदा ते "हां" म्हणाले, कुणीतरी जुना माणूस दारात दिसल्यावर म्हणावं तसं. बऱ्याच वेळानं त्यांनी तो कानांवरून उतरवला. हनुवटीवर घाम होता, का आणखी काय ते मी नक्की सांगू शकत नाही.

"हाच घ्या," ते म्हणाले.

"हाच?" डबीर खुर्ची जवळ घेऊन बसले. "आवाज बरा आहे?"

"फार बरा."

"तानपुरा?"

"जुळलेला."

"परवा या हेडफोनात तुम्हाला कढई घासल्यासारखं वाटलं होतं. मी लिहून घेतलंय. आज कढई नाही?"

"नाही. आज नाही."

"बुवा मध्यमावर थांबतात ती जागा आली?"

"आली ना. दोनदा आली."

डबीर उठले. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, हेडफोनच्या वायरचं टोक बाहेर काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. पिन चकाकत होती. ती कशालाच लावलेली नव्हती.

"मंडळी," ते म्हणाले, "यांना कित्येक दिवसांपासून काही ऐकूच येत नाही. आणि आपण यांच्या मतासाठी बैठक मोडायला निघालो होतो."

आधी एकजण हसला, मग चौघे, मग बरेच. मी हसलो नाही. त्यात चांगुलपणा नव्हता, माझ्या लक्षात यायला वेळ लागतो. पण लक्षात आलं तेव्हा मी ती तोंडं बघितली. चहाचे डाग पडलेल्या कवळ्या, हलणाऱ्या गळ्याच्या पिशव्या, डबिरांच्या कल्ल्यांवर अजून उरलेलं काळं कातडं. त्या आठवड्यात मी पुष्कळ ओलं, तेलकट आणि परकं कानाला लावलं होतं. त्यातल्या कशानंही मला त्या हसण्याएवढी शिसारी आली नाही.

बापूसाहेब हसू थांबेपर्यंत थांबले.

"ठाऊक आहे, वकीलसाहेब," ते म्हणाले. "पिन लागली की कानात आधी खुट् होतं. आज झालं नाही. मला वाटलं, तुमच्या ध्यानात आलं आणि तुम्ही मेहरबानी केली."

डबिरांचा हात पिनेसकट वरच राहिला.

मग बापूसाहेबांनी सांगितलं ते थोडक्यात सांगितलं, आणि बहुतेक इंदूताईंकडे बघून. जिनिंगच्या यंत्रांनी कान खाल्ले होते. समोरासमोर बोललेलं कळतं, तोंड दिसलं म्हणजे. पण गाणं लावलं की सूर सूर राहत नाही, भांडी होतात. घासलेली, आपटलेली, जिन्यावरून सोडलेली भांडी. कानाची मशीन लावून बघितली, तर भांडी आणखी जवळ आली. वाटलं होतं, इतके नमुने येतायत, त्यात एखादा तरी असा निघेल की ज्यात बुवा बुवांसारखे ऐकू येतील. नाही निघाला. सगळे नापास झाले ते खरेच नापास होते. फक्त दोष हेडफोनांचा नव्हता.

"आज त्यात काही वाजलं नाही," ते म्हणाले. "भांडीही नाहीत. मग बागेश्री आपोआप लागला. मला तो पाठ आहे."

इंदूताईंनी विचारलं, "कधीपासून हो?"

"धाबेकर होते तेव्हापासून."

"आणि तरी दर गुरुवारी?" हे डबीर म्हणाले. त्यांचा आवाज आता वकिलाचा नव्हता.

"तुम्ही ऐकता ते बघायला यायचो. इंदूताई, बुवा मध्यमावर थांबले की तुम्ही डोळे मिटता. डबीर, तान आली की तुमचा पाय हलतो, तुम्हाला ठाऊक नसेल. एवढ्यावरून कळतं, गाणं कुठवर आलं. भांडी बाजूला सारून बाकीचं मी आतलं आत लावतो." मग ते माझ्याकडे वळले. "समेची तेवढी पंचाईत असते. पण समोर मोहरील बसतात. यांचा हात उचलला जाताना दिसला की मी माझा उचलतो. इतकी वर्षं एकदाही चुकला नाही, बावा."

इतकी वर्षं जठारपेठेत गुरुवारी संध्याकाळी समेवर नेमकं कोण येत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग इंदूताई उठल्या, कूलर लावला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बापूसाहेबांनी हा पास केलाय. बाकीच्यांचं काय?"

मी त्या सोललेल्या गाद्यांकडे बघितलं, नव्या टायरचा वास आठवला, कानातला तुकडा आठवला, आणि हात वर केला. सगळ्यात शेवटी डबिरांनी केला. वायर अजून त्यांच्या हातात होती, त्यामुळे ती पण वर गेली. एकमत झालं.

अशा रीतीनं पाहण्यात आले त्यांतले सगळ्यात घाणेरडे बारा हेडफोन आम्ही एकमतानं घेतले. दुकानदारानं विचारलं, नक्की ना? पंधरा दिवसांनी बापूसाहेबांनी पिशवी भरून खोळी आणल्या. आत लांब धाग्याचा कापूस स्वतः निवडून भरलेला, वरून मलमल, इंदूताईंनी शिवलेली. प्रत्येकाची जोडी वेगळी, म्हणजे कुणाच्या कानाला कुणाचा कान लागायला नको. "फोम भरतात, नालायक," एवढंच म्हणाले. कान पहिल्यांदा सुखावले. आवाज मात्र शेवटपर्यंत भिकार राहिला.

गुरुवारी सगळे गोल बसायचे, भिंतीकडे कुणी नाही, हे इंदूताईंनी ठरवून टाकलं. बापूसाहेबांची पिन डब्याला लावायची नाही, हे डबिरांनी स्वतःकडे घेतलं. ते ती पिन बापूसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवून द्यायचे, फूल ठेवावं तशी. माझी सोय मात्र संपली होती. समोरच्या हाताकडे बघून चालणार नव्हतं, तो माझ्याकडे बघत होता. मी मंगळवारी दुपारी इंदूताईंकडे जाऊन बारा मात्रांचा एकताल मोजायला शिकू लागलो, वयाच्या पासष्टीनंतर, बायकोला आलूबोंड्यांचं कारण सांगून.

चांडक मात्र महिन्याभरात पुन्हा वर आले. म्हणाले, आता गाणं ऐकू येत नाही, हे खरं. पण मधूनच एकदम बारा माणसं किंचाळतात, आणि आधी निदान कशासाठी ते कळायचं. कान झाकलेल्या माणसाला आपली वाहवा केवढी मोठी होते याचा अंदाज राहत नाही. मुलगी पास झाली. तेव्हा त्यांनीच पेढे आणून दिले आणि दार लावून घेतलं.

आता बापूसाहेब नाहीत, आणि इंदूताई मुलीकडे नागपूरला असतात. हेडफोन वाटून घेतले तेव्हा बापूसाहेबांचा कुणी उचलेना, म्हणून माझ्याकडे आला. खोळीखालचं कातडं कधीच झडून गेलंय, फोम काळ्या चिखलासारखा झालाय, हाताला लागला की साबणानं जात नाही. बायको तो ठेवते त्या कपाटात दुसरं काही ठेवत नाही. तिचं बरोबर आहे. मलाही शिसारी येते.

मागच्या गुरुवारी मी तो काढून लावला. उजवीकडून अजून हिन्याचा वास येतो. वायरचं टोक खिशात ठेवलं आणि डोळे मिटले. काही ऐकू आलं नाही. मला बागेश्री पाठ नाही. मी नुसता मोजत बसलो. बारा मात्रा झाल्या, आणि समोर कुणीच नव्हतं तरी माझा हात उचलला गेला आणि मांडीवर पडला.